हंगामाच्या आधीचं काम : सोशल मीडियावर हंगामी मार्केटिंग करणाऱ्या नवख्यांसाठी

सणाच्या दिवशी सकाळी फोन उघडा. एक चमचमतं चित्र, त्यावर ‘आपणांस व आपल्या परिवारास हार्दिक शुभेच्छा’, कोपऱ्यात लोगो. अंगठा वर सरकवा. तेच चित्र, तीच ओळ, लोगो तेवढा वेगळा. दहा पोस्ट मागे टाकल्यावर त्यातलं एकही नाव आठवत नाही. आणि त्यातल्या प्रत्येक चित्रापायी आदल्या रात्री कुणीतरी अकरा-साडेअकरापर्यंत जागलेलं असतं. काही वर्षं तो कुणीतरी मीच होतो.

हंगामी मार्केटिंग म्हणजे एवढंच, असा बहुतेकांचा समज असतो. माझ्या अनुभवात शुभेच्छांची पोस्ट हा या कामातला सर्वांत कमी उपयोगाचा भाग आहे. वेळ नसेल तर ती खुशाल गाळा, विक्रीत काडीचाही फरक पडणार नाही. ज्याने फरक पडतो ते काम सहा-आठ आठवडे आधी सुरू होतं, आणि त्याची सुरुवात फोनवर होत नाही, जुन्या बिलांच्या गठ्ठ्यात होते.

तुमचं लहानसं दुकान, क्लास किंवा सेवा असेल, नाहीतर ‘तुला जमतं ना मोबाइलमधलं’ म्हणून एखाद्या संस्थेचं पेज तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

पायरी १ : आपला हंगाम कॅलेंडरमध्ये नव्हे, वहीत शोधा

मागच्या दोन वर्षांची बिलं, पावत्या किंवा नोंदवही घ्या. महिन्यामागे किती विक्री झाली ते बारा आकड्यांत मांडा. शक्य असेल तर आठवड्यामागे मांडा, कारण महिन्याच्या आकड्यात पुष्कळ काही लपतं. मग जुने मेसेज चाळा आणि ‘हे मिळेल का?’, ‘किती दिवस लागतील?’ अशी विचारणा कधी सुरू झाली ते बघा. विचारणा आणि खरेदी यांच्यात जेवढं अंतर, तेवढे दिवस गिऱ्हाईक मनात घोळवत असतं. तुमची पोस्ट त्या दिवसांत त्याच्यासमोर यायला हवी. खरेदीच्या दिवशी दिसून उपयोग नाही, तोवर त्याने दुसरीकडे ठरवलेलं असतं.

सायकली विकणारं आणि दुरुस्त करणारं एक दुकान धरा. लेखभर तेच उदाहरण वापरतो. मालकाला वाटतं आपला हंगाम म्हणजे सण. वही उघडल्यावर वेगळंच दिसतं. लहान मुलांच्या सायकली शाळेच्या लांब सुट्टीच्या तोंडावर खपतात आणि त्याची विचारपूस तीन आठवडे आधी सुरू होते. दुरुस्तीची गर्दी मात्र खराब हवामान संपून लोक पडून राहिलेली सायकल बाहेर काढतात तेव्हा होते. म्हणजे एकाच दुकानाचे दोन हंगाम, दोन वेगळे गिऱ्हाईक, आणि सणाला तर फक्त शुभेच्छाच चालल्या होत्या.

वही नसेल, धंदा नवा असेल, तर गूगल ट्रेंड्स उघडा. लोक गूगलवर काय आणि कधी शोधतात ते त्यात दिसतं. ते फुकट आहे आणि त्यात २००४ पासूनची माहिती मिळते. आपल्या वस्तूचं नाव लोक जसं शोधतात तसं टाका, आपला प्रदेश निवडा आणि मुदत पाच वर्षांची ठेवा. नवखे इथे एक गफलत करतात. आलेखावरचा १०० हा आकडा म्हणजे शंभर वेळा शोध नव्हे. निवडलेल्या काळात ज्या वेळी शोधाचं प्रमाण सर्वांत जास्त होतं त्याला १०० धरलेलं असतं आणि बाकीचे आकडे त्याच्या तुलनेत असतात. तुम्ही शिखराकडे बघूही नका. चढण कुठल्या आठवड्यात सुरू होते ते बघा आणि तो आठवडा वहीत लिहा. दूरच्या देशांत माल पाठवत असाल तर हेही ध्यानात असू द्या की दक्षिण गोलार्धात डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा. तिकडच्या गिऱ्हाइकाला लोकरीच्या टोप्या दाखवणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

संस्थांच्या बाबतीत हा फरक आणखी ठळक दिसतो. रक्तदानाचं काम करणारा गट घ्या. १४ जून हा जागतिक रक्तदाता दिन. रक्तगटांचा शोध लावणाऱ्या कार्ल लँडस्टायनर यांचा तो जन्मदिवस, आणि २००४ पासून तो पाळला जातो. त्या दिवशी सगळेच पोस्ट टाकतात. पण रक्ताची खरी चणचण भासते ती लांब सुट्ट्यांमध्ये आणि वर्षाच्या अखेरीस, कारण नेहमीचे दाते गावाला किंवा सहलीला गेलेले असतात, कॉलेजं आणि कचेऱ्या बंद असल्याने शिबिरंही होत नाहीत. बरं, आधीच भरपूर गोळा करून ठेवावं म्हटलं तर प्लेटलेट्स पाच ते सात दिवसच टिकतात. म्हणजे या गटाचा हंगाम १४ जून नाही, सुट्टीच्या अलीकडचा आणि सुट्टीतला आठवडा आहे. १४ जूनला दात्यांचे आभार मानावेत, नवी नावं नोंदवून घ्यावीत, आणि मदतीची हाक राखून ठेवावी. वर्षभर हाका मारणाऱ्याकडे गरजेच्या वेळी कुणी वळून बघत नाही.

पायरी २ : थोडे निवडा, बाकीचे सोडून द्या

‘वर्षातले ३६५ खास दिवस’ अशी यादी कुठूनही मिळते. मिळाली तर बंद करून ठेवा. १७ जुलैला जागतिक इमोजी दिन असतो, पण त्याचं सायकलच्या दुकानाने काय करायचं? दर दिवसाला काहीतरी चिकटवत बसलं की पेज भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं दिसू लागतं.

नवख्याने पहिल्या वर्षी दोन मोठे आणि फार तर तीन छोटे हंगाम घ्यावेत. निवडताना स्वतःला एकच प्रश्न विचारा : या काळात माझ्या गिऱ्हाइकाला माझ्याकडून काही अडचण सोडवून हवी असते का? उत्तर ‘हो’ असेल तर हंगाम तुमचा. ‘नाही, पण सगळे टाकतात’ असं उत्तर आलं तर सोडा.

हंगाम बाहेरूनच यावा लागतो असंही नाही. मेलबर्नमध्ये २००३ साली तीस जणांनी नोव्हेंबरभर मिशा वाढवायच्या ठरवल्या. त्यातून मोव्हेंबर ही पुरुषांच्या आरोग्यासाठी चालणारी मोहीम उभी राहिली. स्पॉटिफाय २०१६ पासून वर्षाअखेरीस प्रत्येक श्रोत्याला त्याच्याच ऐकण्याचा हिशेब रॅप्ड या नावाने दाखवतं आणि लोक तो आपणहून सगळीकडे लावतात. अमेरिकेतल्या आरईआय या मैदानी खेळांचं सामान विकणाऱ्या संस्थेने २०१५ मध्ये उलटा डाव टाकला. ब्लॅक फ्रायडेला, म्हणजे तिथल्या सर्वांत मोठ्या खरेदीच्या दिवशी, दुकानं बंद ठेवून ‘बाहेर फिरायला जा’ असं सांगितलं. ही सगळी मोठ्यांची कामं, पण त्यातली युक्ती लहानालाही जमते. वर्षभरात किती पंक्चर काढली, त्यात सर्वांत जास्त कशाने झाली, खिळा की काच, एवढा हिशेब दुकानाने डिसेंबरच्या शेवटी मांडला तरी लोक तो हसत हसत पुढे पाठवतात. त्यासाठी कुठला सण लागत नाही.

पायरी ३ : तारीख स्वतः तपासा

चंद्राच्या गतीवर चालणाऱ्या कॅलेंडरांचे सण दरवर्षी सरकतात. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान असल्यामुळे त्यातले सण दरवर्षी तेवढेच आधी येतात. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कुठेही पडतो. ब्लॅक फ्रायडे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारनंतरच्या दिवशी, म्हणजे २३ ते २९ यांत कधीही.

एका वर्षी मी मागच्या वर्षीचं वेळापत्रक जसंच्या तसं उतरवून ठेवलं. सण त्या वर्षी अकरा दिवस अलीकडे आला होता. त्यामुळे ‘फक्त पाच दिवस उरले!’ ही माझी पोस्ट सण उरकल्यावर सहाव्या दिवशी झळकली. खाली पहिलीच कमेंट : ‘पुढच्या वर्षाची तयारी का?’ वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. तेव्हापासून वेळापत्रकात मी तारखा लिहीतच नाही. ‘सणाआधी २१ दिवस’, ‘सणाआधी ५ दिवस’ असं लिहितो आणि दरवर्षी फक्त एक तारीख बदलतो.

पायरी ४ : शेवटाकडून मोजत मागे या

मोजायला सुरुवात सणाच्या दिवसापासून करू नका. ज्या दिवसानंतर आलेली ऑर्डर तुम्ही वेळेत पोचवू शकणार नाही, त्या दिवसापासून करा. कुरिअरला चार दिवस आणि तुम्हाला बांधाबांध करायला दोन दिवस लागत असतील, तर तुमचा हंगाम सहा दिवस आधीच संपतो. संस्थेसाठी हा दिवस म्हणजे नावनोंदणीचा शेवटचा दिवस.

सायकलच्या दुकानाचं मुलांच्या सुट्टीसाठीचं वेळापत्रक मी असं लावेन :

- आठ आठवडे आधी : माल किती आणि कोणता मागवायचा, सवलत द्यायची की मोफत जोडणी, हे ठरवणं. अजून एकही पोस्ट नाही.
- सहा आठवडे आधी : फोटो आणि व्हिडिओ. दोन दिवस काढून सगळे एकदमच. रोज एक काढू म्हटलं की चौथ्या दिवशी बंद पडतं.
- पाच ते तीन आठवडे आधी : निवड करायला मदत करणाऱ्या पोस्ट. विक्रीचा शब्द नाही.
- तीन आठवडे आधी : थोड्या पैशांची जाहिरात सुरू.
- दोन आठवडे आधी : ऑफर जाहीर.
- शेवटचा आठवडा : ‘अमुक तारखेपर्यंतची ऑर्डर सुट्टीच्या पहिल्या दिवशी हातात’, आणि दिवसभर मेसेजना उत्तरं.

जाहिरात तीन आठवडे आधी का, याला कारण आहे. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरची जाहिरात आधी शिकते, मग चालते. कुणाला दाखवली तर काम होतं हे यंत्रणेला उमगायला मेटाच्या, म्हणजे या दोन्हींच्या मालक कंपनीच्या, सांगण्यानुसार प्रत्येक जाहिरात-संचामागे (ॲड सेट, म्हणजे एकच प्रेक्षक आणि बजेट असलेल्या जाहिरातींचा गट) आठवड्याला साधारण ५० निकाल लागतात. निकाल म्हणजे तुम्ही जे उद्दिष्ट निवडलं असेल ते, मग मेसेज असो, नोंदणी असो की खरेदी. मध्येच चित्र बदललं, प्रेक्षक बदलला, बजेट एकदम वाढवलं की हे शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. त्याशिवाय जाहिरात मंजूर व्हायला बहुधा एक दिवस लागतो, कधी जास्तही. म्हणजे सणाच्या दोन दिवस आधी बूस्टचं, म्हणजे पैसे देऊन पोस्ट जास्त लोकांना दाखवायचं, बटण दाबणारा माणूस तहान लागल्यावर विहीर खणत असतो.

लहान बजेटमध्ये ५० खरेद्या आठवड्यात होणं कठीणच. तेव्हा उद्दिष्ट असं निवडा की जे जास्त वेळा घडेल. खरेदीऐवजी मेसेज घ्या. आणि एकाच बजेटचे पाच तुकडे करून पाच जाहिराती चालवू नका, पाचही अर्धवट शिकतील.

दुसरी गोष्ट, जाहिरातीची जागा लिलावाने मिळते. ऐन हंगामात मोठ्या कंपन्या बोली लावायला उतरतात आणि तेवढ्याच पैशांत तुमची जाहिरात कमी लोकांना दिसते. म्हणून अनोळखी लोकांपर्यंत पोचायचा खर्च आधीच्या, स्वस्त आठवड्यांत करावा. महागड्या दिवसांत फक्त ओळखीच्यांना दाखवावं, म्हणजे ज्यांनी तुमचा व्हिडिओ पाहिला, पोस्ट जपून ठेवली किंवा मेसेज केला त्यांना. मेटामध्ये असा प्रेक्षक मागच्या ३६५ दिवसांपर्यंतचा बनवता येतो. मी बजेटचे दहा भाग केले तर सहा आधी, तीन हंगामात आणि एक हातात राखून ठेवतो. राखलेला भाग शेवटच्या आठवड्यात जी पोस्ट आपोआप चालली असेल तिच्यामागे लावायचा.

पायरी ५ : पोस्ट लिहा, घोषणा नको

बहुतेकांच्या पेजवर हंगामात असं काहीतरी दिसतं :

‘सुट्टी स्पेशल धमाका! आकर्षक सायकली, आकर्षक ऑफर! आजच भेट द्या!’

हे वाचून कुणी काय करायचं? यातून एकाही पालकाच्या मनातला एकही प्रश्न सुटत नाही. आता दुकानदार काउंटरवर रोज जे बोलतो तेच लिहून बघू :

‘मुलाला सायकलच्या मधल्या नळीवर पाय टाकून उभं करा, सीटवर बसवू नका. दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकले आणि नळी व पायांच्या मधे दोन बोटं जागा उरली, तर माप बरोबर. चवड्यांवर उभं राहावं लागत असेल तर ती सायकल वर्षभराने घ्या, आत्ता एक नंबर लहान बघा. घरी माप घ्यायचं असेल तर भिंतीला पाठ लावून उभं करा, पायांच्या मधून जमिनीपर्यंत सेंटीमीटरमध्ये मोजा आणि आकडा मेसेज करा. कोणती बसेल ते सांगतो.’

दुसऱ्या पोस्टमध्ये ‘ऑफर’ हा शब्दच नाही. पण ती जपून ठेवली जाते, घरातल्या दुसऱ्या माणसाला पाठवली जाते, आणि शेवटच्या वाक्यामुळे मेसेज येतो. मेसेज आला की गिऱ्हाईक निम्मं आत आलं. शिवाय ती पोस्ट पुढच्या सुट्टीला जशीच्या तशी चालते.

विषय सुचत नसतील तर एक आठवडा काउंटरवर किंवा फोनवर येणारे प्रश्न कागदावर उतरवा. वीस प्रश्न झाले की वीस पोस्ट झाल्या.

तांत्रिक बाजू थोडक्यात. रील आणि स्टोरी उभी, १०८० बाय १९२० पिक्सेलची. वरच्या आणि खालच्या भागात नाव आणि बटणं येतात, तिथे अक्षरं ठेवू नका. फीडमधलं चित्र १०८० बाय १३५० असलं की पडद्यावर जास्त जागा मिळते. पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून बोलण्याची अक्षरं खाली हवीतच. चित्राचं वर्णन लिहायची जागा असते, तीही भरा, दृष्टिहीन वाचकांचा फोन ते वाचून दाखवतो. स्टोरी २४ तासांत जाते, त्यामुळे कामाच्या स्टोऱ्या हायलाइटमध्ये, म्हणजे प्रोफाइलवर कायम दिसतील अशा, ठेवा. आणि गाण्यांबाबत सावध राहा. गाजलेलं गाणं वैयक्तिक खात्यावर सहज लावता येतं म्हणून ते धंद्याच्या जाहिरातीलाही चालतं असं नाही. परवाना नसेल तर आवाज बंद केला जातो किंवा पोस्टच काढली जाते, तेही नेमकी ऐन गर्दीत. मेटाचं साउंड कलेक्शन मोफत आहे, त्यातलं वापरा.

फोटो खरे वापरा. एआयने बनवलेला चकचकीत मुलगा चकचकीत सायकलवर बसलेला दाखवण्यापेक्षा दुकानातल्या तेलकट हातांचा फोटो बरा. निदान ते हात तुमचे आहेत.

व्हॉट्सॲपचं एक गुपित मात्र आत्ताच सांगतो, कारण हंगामात कळून उपयोग नाही. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची यादी) एका वेळी २५६ जण घेता येतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये जपून ठेवलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. तुम्ही पाठवल्याचं दिसतं, समोर पोचलेलं नसतं. म्हणून बिलावर, पिशवीवर, पोस्टखाली ‘नंबर सेव्ह करून नाव कळवा’ हे वर्षभर सांगत राहायचं. पिंटरेस्ट वापरत असाल तर तिथे लोक फार आधीपासून बेत आखतात, तिथल्या पोस्ट दोन-तीन महिने आधीच टाका.

पायरी ६ : ऑफर किंवा आवाहन एका दमात सांगता यावं

काय मिळणार, कुणाला, कधीपर्यंत आणि त्यासाठी काय करायचं. या चार गोष्टी एका वाक्यात बसत नसतील तर ऑफर गुंतागुंतीची आहे, ती सोपी करा. शेवटच्या तारखेबरोबर वेळ लिहा. बाहेरगावची गिऱ्हाइकं असतील तर कुठली वेळ, तेही.

रोज ‘शेवटचे दोन तास’ म्हणणाऱ्यावर दुसऱ्या हंगामात कुणी विश्वास ठेवत नाही. किंमत आधी फुगवून मग कापल्याचं दाखवणं तर अनेक देशांत कायद्यातही बसत नाही. युरोपीय संघात २०२२ पासून सवलत दाखवताना ‘आधीची किंमत’ म्हणून मागच्या किमान ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत द्यावी लागते. पैसे देऊन किंवा वस्तू फुकट देऊन एखाद्या इन्फ्लुएन्सरकडून पोस्ट करून घेत असाल, तर ती जाहिरात आहे हे स्पष्ट दिसलं पाहिजे. त्यासाठी पेड पार्टनरशिपचं लेबल असतं.

संस्थांनी एका पोस्टमध्ये एकच मागणं मागावं. ‘देणगी द्या, सभासद व्हा, स्वयंसेवक व्हा, शेअर करा’ असं सगळं एकत्र लिहिलं की वाचणारा त्यातलं सर्वांत फुकटचं करतो आणि निघून जातो.

पायरी ७ : शेड्यूल करा, पण किल्ली जवळ ठेवा

इन्स्टाग्रामच्या प्रोफेशनल खात्यावर पोस्ट ७५ दिवस आधीपर्यंत लावून ठेवता येते. याचा भरपूर उपयोग करा, हंगामात तुम्हाला बसायलाही वेळ मिळणार नाही. पण एखादी मोठी दुर्घटना घडलेल्या दिवशी तुमची ‘धमाल करूया!’ आपोआप बाहेर पडली, तर ती पोस्ट लोकांच्या लक्षात राहते, तुम्हाला नको त्या कारणाने. म्हणून लावलेल्या सगळ्या पोस्ट थांबवू शकेल असा निदान एक माणूस आणखी हवा. पासवर्ड एकट्या भाच्याकडे आणि भाचा परीक्षेत, अशी अवस्था नको.

दुसऱ्यांच्या सणाबद्दल लिहिताना तो सण पाळणाऱ्या माणसाला मजकूर आधी दाखवा. काही दिवस शोकाचे असतात, काही उपवासाचे. शोकाच्या दिवसाला ‘शुभेच्छा’ दिल्याचे स्क्रीनशॉट वर्षानुवर्षं फिरतात. आणि हुतात्म्यांच्या स्मरणाच्या दिवशी सवलत जाहीर करू नये, हे खरं तर सांगावं लागू नये.

पायरी ८ : गर्दीच्या दिवसांत पोस्ट कमी, उत्तरं जास्त

शेवटच्या आठवड्यात नवीन काही बनवू नका. मेसेजचं उत्तर तासाभरात जाईल एवढंच बघा. नेहमीच्या दहा प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून व्हॉट्सॲप बिझनेसच्या झटपट उत्तरांत भरून ठेवा. कमेंटमध्ये कुणी किंमत विचारली तर ‘डीएम केलंय’ म्हणू नका, तिथेच सांगा, कारण तोच प्रश्न न विचारता पुढे गेलेले पुष्कळ असतात. माल संपला तर पोस्टवर ‘संपला’ लिहा.

पायरी ९ : मोजा, आणि त्याच आठवड्यात लिहून ठेवा

लाइक मोजू नका. मेसेज किती आले, त्यातले किती गिऱ्हाईक झाले, पोस्ट किती जणांनी जपून ठेवली आणि पुढे पाठवली, हे मोजा. तुलना मागच्या महिन्याशी नको, मागच्या वर्षीच्या त्याच हंगामाशी करा. सण सरकला असेल तर तारखांऐवजी ‘सणाआधीचे २१ दिवस’ हाच मापदंड धरा.

वेबसाइट असेल तर लिंकला यूटीएमच्या खुणा जोडा : कुठून आला, कशातून आला, कोणत्या मोहिमेतून आला. या खुणा अर्चिन नावाच्या कंपनीच्या, तिला गूगलने २००५ मध्ये विकत घेतलं आणि त्यावरूनच पुढे गूगल ॲनालिटिक्स आलं. वेबसाइट नसेल तर काउंटरवर विचारा, ‘आमच्याबद्दल कुठे कळलं?’, आणि बिलाच्या मागे एक अक्षर लिहा. इ म्हणजे इन्स्टाग्राम, व्ह म्हणजे व्हॉट्सॲप, श म्हणजे शेजाऱ्याने सांगितलं. पहिल्या वर्षी श सर्वांत जास्त निघाला तर नाउमेद होऊ नका. शेजाऱ्याने कुठे पाहिलं, ते मात्र विचारा.

हंगाम संपल्याच्या आठवड्यात, थकवा असला तरी, एक पान लिहा. काय आधी संपलं, काय पडून राहिलं, कोणता प्रश्न सारखा आला, कुठली पोस्ट चालली, आणि पुढच्या वेळी किती दिवस आधी सुरुवात करायची. महिन्याने लिहू म्हटलं तर आठवत नाही. ते पान फोनच्या कॅलेंडरमध्ये पुढच्या हंगामाच्या नऊ आठवडे आधीच्या दिवशी चिकटवून ठेवा, म्हणजे ते आपोआप समोर येईल. आणि उठण्याआधी पेजच्या अगदी वर पिन केलेली संपलेल्या ऑफरची पोस्ट काढून टाका.